मोरानला फुलं भरपूर पण फळ धरत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी हैफाला राहते. अंगणात मोरानचं झुडूप आहे, म्हणजे व्हायबर्नम टायनस, सदाहरित, इस्रायलमध्ये रानात दुर्मिळच, कार्मेल डोंगर आणि उत्तरेकडच्या वरच्या गालीलच्या झाडीत कुठेकुठे दिसतं. आमचं नर्सरीतलं, चार वर्षांचं. फेब्रुवारीत कळ्या गुलाबी येतात आणि उमलल्या की पांढऱ्याशुभ्र, अगदी तळहाताएवढे गुच्छ, मधमाश्याही येतात, पण फळ म्हणाल तर मोजून तीन-चार, तीही सुकून गळतात.

आईला ती फळं बघायचीच आहेत हो, चकचकीत निळी, धातूसारखी. तो निळा सालीतल्या मेदाच्या बारीक थरांवर उजेड पडून दिसतो, हे वाचल्यापासून ती रोज सकाळी काठी टेकत झुडपापाशी जाते.

मी वाचलंय की याला फळ धरायला वेगळ्या रोपाचा पराग लागतो, म्हणून गेल्या वर्षी दुसरं आणलं, पण त्याच नर्सरीतून. दोन्ही एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली असतील तर ती एकच रोप असल्यासारखी, मग उपयोग नाही ना? बी पासूनचं रोप लावून कुणाला फळं आलीत का, किती वर्षं लागली? आणि छाटणी फुलं संपल्यावर लगेच केली म्हणून तर फळं गेली नाहीत? कार्मेलच्या रानातून काडी आणायची नाहीये, तिथे आधीच थोडी झुडपं उरलीत.