डच शेतकऱ्याला हवामानवाल्यांनी बुडवलं म्हणणाऱ्यांनी आधी शेणाचा हिशेब करावा

पाणकळा:
काल इथे एकाने लिहिलं, 'हवामानबदलाचा बागुलबुवा करून नेदरलँड्स स्वतःच्याच शेतकऱ्यांच्या दावणी रिकाम्या करतंय.' मी नेदरलँड्समधल्या वेलुवे या माळ-जंगलाच्या पट्ट्याच्या कडेला अकरा वर्षं राहते. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहिते.

हे भांडण मुळात नत्राचं आहे. गोठ्याखालच्या खड्ड्यात शेण आणि मूत एकत्र आलं की अमोनिया सुटतो आणि वाऱ्याबरोबर जाऊन माळावर उतरतो. हीदर या माळावरच्या झुडपाच्या जांभळ्या फुलांच्या जागी गवत माजतं. माती आंबट होते, तिच्यातला चुना निघून जातो. वेलुवेत टिट या चिमुकल्या पक्ष्यांची पिल्लं घरट्यातच पाय मोडलेली सापडली, हाडांना चुना मिळेना म्हणून. नाशिक आणि नगर जिल्हे मिळून जेवढी जमीन, साधारण तेवढ्याच नेदरलँड्समध्ये सदतीस लाखांच्या आसपास गुरं आणि कोटीभर डुकरं! 'गोठे वाढवायचे परवाने आत्ता द्या, नत्र पुढे कमी करू' ही पद्धत 2019 च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मोडीत काढली. यात बागुलबुवा कुठे आला?

खळं:
निकाल सांगितलात, नत्र कुठे किती कमी करायचं हे दाखवणारा सरकारचा जून 2022 चा नकाशा का गाळलात? काही पट्ट्यांत 95 टक्के कपात होती. म्हणजे धंदाच बंद. 2015 मध्ये दुधाचा कोटा, म्हणजे किती दूध काढायचं यावरची युरोपची मर्यादा, उठला तेव्हा गोठे वाढवायला कर्जं तिथल्याच बँकांनी दिली. मग 2023 च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांचा पक्ष पहिला आला, त्यात नवल काय?

निफाडचा बागायतदार:
ताई, पिल्लांचे पाय दिसले, आमचे मोडले ते? 2010 साली युरोपने आपल्या द्राक्षात सीसीसी हे वेलीची वाढ रोखणारं रसायन शोधलं, मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. वडील वर्षभर पैशासाठी निर्यातदाराकडे खेटे घालत होते. शेवटी माल नाकारल्याचा एक कागद हातात पडला. तो कागद अजून कपाटात आहे. आणि 2024 मध्ये युरोपातल्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ब्रुसेल्समध्ये घुसले, तर कीडनाशकं निम्म्यावर आणायचा प्रस्तावित कायदा युरोपीय आयोगाने गुंडाळला!

पाणकळा:
भाऊ, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो कायदा फवारणी किती करायची याचा होता. अवशेषांची मर्यादा स्पेनच्या द्राक्षालाही तीच आहे.

निफाडचा बागायतदार:
मर्यादा तीच, पण ऐकून कुणाचं घेतात? आम्ही ट्रॅक्टर घेऊन कुठे जायचं, न्हावाशेवाला? वातानुकूलित घरात बसून आम्हाला शिकवू नका.

पाणकळा:
माझ्या घराला वातानुकूलन नाही, आणि माझ्या आजोबांचीही बाग होती. ती कर्जातच गेली. ट्रॅक्टर ब्रुसेल्सला पोचतो त्याचंच ऐकलं जातं, हे मात्र कबूल. तुमच्या वडिलांवर अन्याय झाला, हेही कबूल. पण तो माझ्या प्रश्नावरचा उतारा नव्हे. एवढा अमोनिया उतरवायचा कुठे?

खळं:
गुरं कमी करावी लागतील, चला, मानलं. मग सरकारने गाय विकत घेताना गोठ्याचं कर्जही आपल्या अंगावर घ्यावं. सगळं मिळून मोजा आणि मग सही मागा. पोरगा पुढे शेती करणार की नाही, हे ठरायच्या आत कागद पुढे सरकवू नका.