मदत हवी आहे: चोरीला गेलेली मोटर आकडेवारीत कुठे शोधू?

नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाला विषय मिळालाय 'गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करण्याच्या पद्धतींचे मूल्यमापन'. क्षेत्र म्हणजे निफाड तालुक्यातली दोन गावं. सर म्हणतात, "एनसीआरबीचे दहा वर्षांचे तक्ते घे, वाढ-घट दाखव आणि मोकळी हो." मोकळं व्हायची घाई मलाही आहे, पण एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, तक्ते उघडले आणि तिथेच गाडी रुतली.

एकच उदाहरण देते. देशात बलात्काराचे दाखल गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३ होते, २०१३ मध्ये ३३,७०७. मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली घटना, मग कायद्यात बलात्काराची व्याख्या रुंदावली, आणि अशी तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षा सांगणारं १६६अ कलम आलं. आता यात गुन्हे किती वाढले आणि नोंदी किती वाढल्या? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं एनसीआरबी स्वतःच अहवालात बजावते. तरी पेपरात मथळा 'गुन्ह्यांत वाढ' असाच येतो, आणि मला भीती की माझ्या प्रबंधातही तोच येईल.

त्यात मोजणीचे नियम. एकाच एफआयआरमध्ये बलात्कार आणि खून दोन्ही असले तर मोजतात फक्त खून, सर्वांत गंभीर तेवढा एक. दर लाख लोकसंख्येमागचा दर काढतात, ती लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेवरून अंदाजानं पुढे नेलेली. आणि हे सगळे दखलपात्र गुन्हे, म्हणजे ज्यांचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात. शेजाऱ्यानं शिव्या घातल्या, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली, तर ती या तक्त्यांत नाहीच.

माझाच अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये चढताना कुणीतरी फोन मारला. पोलीस ठाण्यात (कुठलं ते सोडा) अर्ज लिहायला बसले. 'चोरीस गेला' असं लिहिलं तर समोरच्या बाईंनी अगदी प्रेमानं कागद परत दिला. "चोरी कशाला लिहिता? सिमकार्डासाठी दाखला हवाय ना? 'गर्दीत कुठेतरी पडून गहाळ झाला' असं लिहा, पाच मिनिटांत शिक्का देते." मी लिहिलं. सिमकार्ड मिळालं. चोरी मात्र त्या दिवशी झालीच नाही.

म्हणून ठरवलं की घरोघरी जाऊन विचारायचं. आधी तालीम म्हणून ओळखीच्या दहा-बारा घरांत प्रश्नावली फिरवली. पहिला प्रश्न, 'गेल्या १२ महिन्यांत आपल्या कुटुंबाविरुद्ध कोणता गुन्हा घडला का?' एका आजींनी पदर सावरला. "नाही गं बाई, आमच्या घरात असलं कधी काही नाही." गुन्हा म्हटल्यावर त्यांना वाटलं मी त्यांच्याच घरावर आळ घेतेय. चहा झाला, निघताना सहज विचारलं, विहिरीवरचं काही गेलं का? "मोटर गेली की! केबलसकट." कधी? "उन्हाळ कांदा काढत होतो तेव्हा." कुठल्या वर्षीचा कांदा, यावर आजी आणि सूनबाईंचं एकमत होईना.

तर प्रश्न असे: वर्षभराचं विचारू की सहा महिन्यांचं? घरातल्या कुणाला विचारू? सासू बसलेली असताना सून नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलणार नाही, एवढं मला कळतं. आणि शेवटी माझा आकडा आणि ठाण्याचा आकडा शेजारी ठेवले तर खरा कुठला म्हणायचा? सरांना पटेल असं काहीतरी सांगा प्लीज.

चावडीवरचा:
ताई, ठाणे अंमलदार म्हणून बरीच वर्षं बसलोय, आता निवृत्त. आधी ठाण्याच्या गुन्हे नोंदीतले भाग १ ते ५ आणि भाग ६ वेगळे करा. पहिल्यात कुणीतरी फिर्याद घेऊन येतं. भाग ६ म्हणजे दारूबंदी, जुगार वगैरे, तिथे फिर्यादी आम्हीच. नवीन साहेब आले, धाडी वाढल्या, की भाग ६ फुगतो. गावातली दारू तेवढीच असते. उलट चोऱ्या वाढल्या की महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेब उभं करतात, मग तुमचा फोन गहाळच होणार. दखलपात्र माहिती आली की नोंद सक्तीची, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १७३. आम्हाला पाठ आहे हो सगळं. पण साध्या अर्जावर भागत असेल तर गुन्हा कोण अंगावर घेतो? माहिती अधिकारात गुन्ह्यांच्या जोडीला एनसी आणि गहाळ दाखल्यांचीही वर्षवार संख्या मागा. नुसती संख्या, नावं नकोत.

शंकासूर:
म्हणजे सर्व्हे खरा आणि पोलीस खोटे? मग खुनाचं काय? मेलेला माणूस तुमची प्रश्नावली भरणार का? फोडलेलं दुकान घरोघरच्या सर्व्हेत येतं का? आणि दोन गावांत मिळून घरफोड्या सापडल्या तीन, तर एक इकडची तिकडे झाली की तुमचा दर तिसऱ्या हिश्श्यानं हलला. आकडा सोडा तुम्ही, त्याच्या नादी लागू नका.

ओसरी:
सुनेच्या प्रश्नाबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, तेही एकटीला. एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या बायकांमधल्या १४ टक्क्यांनीच कुठेतरी मदत मागितली, आणि त्यातही बहुतेक माहेरी. ठाण्याच्या आकड्यात यातलं काय उतरणार? पण एकट्या विद्यार्थिनीनं गावात हा विषय काढू नये असं माझं मत. तुम्ही निघून जाल, तिला तिथेच राहायचंय.

थेम्सकाठचा:
इथे इंग्लंडमध्ये १९८२ पासून घरोघरचा सर्व्हे आहे. पोलिसी नोंदींचा 'राष्ट्रीय आकडेवारी' हा दर्जा जानेवारी २०१४ मध्ये काढून घेतला. त्याच वर्षीच्या तपासणीत निघालं की कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच जात नव्हते. तेव्हा 'गहाळ' फक्त आपल्याकडे होतो असं नाही. काळाचं म्हणाल तर अमेरिकेत दर सहा महिन्यांनी त्याच घरी जातात आणि मागच्या भेटीनंतर काय झालं ते विचारतात, म्हणजे आठवणीला खुंटी मिळते. तुमच्याकडे दुसरी भेट नाही, तर पोळा, दिवाळी, द्राक्षाची छाटणी या खुंट्या वापरा. 'गुन्हा' हा शब्दच काढा. मोटर, केबल, गाडी, दागिने, शेळी, एकेक वस्तू विचारा.
शंकासूर यांचं खरं आहे, एवढ्या घरांत दर काढू नका. कालव्याची गळती मोजतात तसं करा: घडलं, ठाण्यात गेले, कागद झाला, आणि कागदावर काय लिहिलं. कुठल्या टप्प्यावर किती गळलं ते दाखवा, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, किती पोचलं ते सरांना आपोआप दिसेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरीताई, तो भाग काढून टाकला. चावडीवरचे काका, अर्ज टाकलाय. 'गळती' हा शब्द सरांना आवडला, तक्ते मात्र परिशिष्टात हवेतच म्हणाले.

नवीन प्रश्नावली घेऊन परवा आजींकडे पुन्हा गेले. पोळ्याच्या आधी की नंतर, असं विचारल्यावर त्यांचा मुलगा उठला आणि पत्र्याच्या पेटीतून नव्या मोटरचं बिल घेऊन आला. तारीख तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे मोटर १२ महिन्यांच्या बाहेर गेली. ठाण्यात गेला होतात का, असं तरीही विचारलं. "गेलो होतो ना," तो म्हणाला, आणि त्याच पेटीतून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर शिक्का आहे, तारीख आहे, आणि 'विहिरीवरील मोटर मिळून येत नाही' असं लिहिलंय. हे कुठल्या टप्प्यात धरू?