विषय: टर्मिनल टाईप घेत नाहीये, पावत्या अडकल्यात, अर्जंट

प्रेषक: खजिनदार
शनिवार, दुपारी ४.१०

मंडळी, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या हॉलवर आहे. वर्गणीच्या पावत्यांची स्क्रिप्ट (सगळ्यांना पावत्या आपोआप पाठवणारा छोटा प्रोग्राम) चालू केली, कुलकर्ण्यांपर्यंत नावं भराभर गेली (आपल्याकडे किती कुलकर्णी आहेत ते माहीतच आहे) आणि तिथे जी बसली ती बसलीच. माऊस हलतोय, ब्राउझर चालतोय, फक्त टर्मिनलच्या त्या काळ्या खिडकीत, जिथे कमांड टाईप करतो, एक अक्षर उमटत नाही. स्क्रिप्टचं नाव परत टाईप करून एंटर मारला, परत मारला, ढिम्म. यूएसबी कीबोर्ड कुणाकडे असेल तर आणा. सहाला हॉल बंद होतो. अण्णा, बघा जरा.

प्रेषक: वहिनी (प्रसाद समिती)
दुपारी ४.१६

कीबोर्ड आमच्याकडे आहे पण ह्यांना विचारावं लागेल. मोदकांचा आकडा अजून कुणी दिलेला नाही, दुकानदार आजच मागतोय.

प्रेषक: नाना
दुपारी ४.२१

कीबोर्ड आणून काय होणार? ब्राउझरमध्ये टाईप होतंय म्हणजे कीबोर्ड ठणठणीत आहे. अडकलंय ते फक्त टर्मिनल. कंट्रोल-एस दाबलं गेलंय, त्याने टर्मिनलचा स्क्रीन थांबतो, दुसरं काही नाही. विंडोजवाल्यांचा हात सेव्ह करायला आपोआप तिकडे जातो. कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल.

आमच्या काळी डेक कंपनीचे व्हीटी१०० टर्मिनल (स्क्रीन-कीबोर्डचं यंत्र) होते, १९७८ मध्ये आले ते. त्यावर 'नो स्क्रोल' नावाचं बटणच होतं, एकदा दाबलं की स्क्रीन थांबायचा, परत दाबलं की चालू. आतून जायचे ते हेच दोन सिग्नल. त्याच्याही आधी टेलिटाईप होते, कागदावर खडखड छापणारे, समोरचं यंत्र मागे पडलं की ते 'थांब' म्हणून कळवायचं. आता कागद नाही, यंत्र नाही, पण लिनक्सने (आपल्या लॅपटॉपवरची सिस्टीम) सवय सोडलेली नाही.

प्रेषक: खजिनदार
दुपारी ४.२४

नाना, मी कंट्रोल-एस वगैरे काही दाबलेलं नाही. एकाने फोनवर कंट्रोल-सी सांगितलंय, ते करू का?

प्रेषक: अण्णा
दुपारी ४.२७

कंट्रोल-सी अजिबात नको!! स्क्रिप्ट मधेच मरेल आणि कुणाला पावती गेली, कुणाला नाही ते शोधत बसावं लागेल. आत्ता ती मेलेली नाही, खोळंबली आहे. प्रत्येक पावतीनंतर ती एक ओळ स्क्रीनवर लिहिते, स्क्रीन घेत नाहीये म्हणून तीही पुढे जात नाहीये. नाना म्हणतात तसं कंट्रोल-क्यू दाबा.

आणि एक, त्या खिडकीत आता काही टाईप करू नका. दिसत नसलं तरी ते आत जमा होतंय.

हा लॅपटॉप मी सेट केला तेव्हा हे फ्रीझ प्रकरण बंद करून ठेवलं होतं, माझ्या सेटिंगला नंतर कुणी हात लावला ते कळलं तर बरं.

प्रेषक: मराठी शाळा (ताई)
दुपारी ४.३५

अण्णा, रोख आमच्याकडे दिसतोय म्हणून लिहिते. शाळेने त्यावर फक्त मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (म्हणजे बटणांवरची मराठी अक्षरांची मांडणी) टाकलाय, मुलांच्या टायपिंगसाठी, आणि तो कमिटीला विचारून टाकलाय.

प्रेषक: खजिनदार
दुपारी ४.३८

कंट्रोल-क्यू दाबलं आणि सुटलं!! कुलकर्णी संपले, पाटील चालू आहेत. धन्यवाद नाना.

प्रेषक: वहिनी (प्रसाद समिती)
दुपारी ४.५२

मला वर्गणीची पावती तीनदा आली. पैसे एकदाच भरलेत.

प्रेषक: एक कुलकर्णी
दुपारी ४.५५

आम्हालाही तीन. शिवाय आम्ही फॅमिली रेट भरलाय, पावतीवर सिंगल आहे, हे मी गेल्या वर्षीपण सांगितलं होतं.

प्रेषक: अण्णा
दुपारी ४.५८

तेच म्हणत होतो. तुम्ही आंधळेपणाने स्क्रिप्टचं नाव टाईप करून एंटर मारत होतात ना, ते सगळं रांगेत बसलं होतं. पहिली स्क्रिप्ट संपली आणि शेलने (टाईप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने) ती रांग वाचून एकेक पार पाडली. अजून चालू असेल तर कंट्रोल-सी आता दाबा.

पुन्हा होऊ नये म्हणून त्या खिडकीत एवढं टाईप करा: एसटीटीवाय, स्पेस, उणे चिन्ह, त्याला चिकटून आयएक्सओएन. सगळं स्मॉलमध्ये. कायमचं करायचं तर हीच ओळ होम फोल्डरमधल्या डॉट-बॅशआरसी फाईलच्या शेवटी टाका.

प्रेषक: नाना
संध्याकाळी ५.०५

कायमचं बंद कशाला करायचं? लांबलचक लॉग (प्रोग्रामच्या नोंदी) धावत असताना थांबवून वाचायला तेच कामाला येतं.

प्रेषक: अण्णा
संध्याकाळी ५.०९

नाना, तुम्ही कुठे धावते लॉग वाचताय? पाईप करून लेसमध्ये (पानापानाने वाचायचा प्रोग्राम) उघडा की. मंडळाच्या लॅपटॉपवर पावत्या निघतात, सर्व्हर नाही चालवत आपण.

प्रेषक: खजिनदार
संध्याकाळी ५.१४

कंट्रोल-सीने थांबलं. पण आता नवीनच. एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) टाईप केलं तर 'ते' उमटतंय, आणि 'ते: कमांड नॉट फाउंड'. प्रिंटर चालू करायला सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) केलं तर पासवर्ड टाईप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. परत फ्रीझ?

प्रेषक: मराठी शाळा (ताई)
संध्याकाळी ५.१७

हे फ्रीझ नाही. इनस्क्रिप्टमध्ये एलच्या जागी त असतो आणि एसच्या जागी एकारची मात्रा, म्हणून 'ते'. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि स्पेस एकत्र दाबा, वर कोपऱ्यात इंग्लिश दिसायला लागेल. आमच्या पहिलीच्या वर्गाला येतं हे.

प्रेषक: अण्णा
संध्याकाळी ५.२०

हो, आणि सुडो पासवर्ड दाखवत नाही, ते बरोबरच आहे. न बघता टाईप करून एंटर मारायचा. फक्त आधी कीबोर्ड इंग्लिशवर आणा, नाहीतर पासवर्ड मराठीत जाईल आणि तुम्ही म्हणाल अण्णाने बदलला. प्रॉम्प्ट (पुढची कमांड मागणारी खूण) येऊनही टाईप केलेलं दिसत नसेल तर मात्र एसटीटीवाय, स्पेस, सेन (एसएएनई), एंटर. न दिसताही ते चालतं.

प्रेषक: खजिनदार
संध्याकाळी ५.२६

इंग्लिश झालं. पासवर्ड घेत नाहीये. जुना की नवा? लिस्टवरच टाका, सगळे आपलेच आहेत.

प्रेषक: अण्णा
संध्याकाळी ५.२७

लिस्टवर नाही. फोन उचला.