मराठीची प्राध्यापकी आणि गडकिल्ले, दोन्ही जमतं का?

भटकी_नाशिककर: मी कॉलेजात मराठी शिकवते, पेपर तपासणं, नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), सगळं मानेवर, पण रविवारी गडावर गेले नाही की सोमवारी वर्गात बोलायला काही सुचतच नाही. स्टाफरूममध्ये टोमणे, "मॅडम, पीएचडी गडावर सबमिट करणार का?" कोणी दोन्ही सांभाळतंय का? आणि हरिहर किल्ला आत्ता पावसात करू का?

जुना_विद्यार्थी: आमचे एमएचे सर डिट्टो असेच, टेबलाखाली चिखलाचे बूट. निवृत्तिनाथांना त्यांचे गुरू गहिनीनाथ भेटले ती ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा त्यांनी आम्हाला अख्खी चालवली, पाय सुजले पण संतसाहित्य तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. पीएचडी झाली त्यांची, उशिरा झाली एवढंच.

सह्यवेडा: हरिहर पावसात, त्यात रविवारी, अजिबात नको! निरगुडपाड्याकडून कातळातल्या उभ्या पायऱ्या, हाताला खोबण्या आहेत पण शेवाळलेल्या, आणि चढणारे-उतरणारे एकाच पायरीवर. डिसेंबरात जा, नाहीतर सरळ साल्हेर, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला.

भटकी_नाशिककर: डिसेंबरात परीक्षा असतात हो 😄 बरं, तोवर पांडवलेणी.