अस्वलाच्या शिकारीवर बंदी? माझा विरोध आहे

ससेक्सकर:
गेल्या शनिवारी शेजारीणबाई सह्यांचा कागद घेऊन दारात उभ्या. न्यू जर्सीत अस्वलाची शिकार कायमची बंद करा, अशी मागणी. बाई भली आहे, बर्फ पडलं की तिचा मुलगा आमचीही वाट मोकळी करून देतो. चहा दिला, सही दिली नाही. का दिली नाही ते इथेही लिहितो, कारण आपल्या मंडळींत मी शिकारी आहे म्हटलं की लोक खाटकाकडे बघावं तसं बघतात. (मटण त्याच खाटकाकडून आणतात, ते सोडा.)

मी ससेक्स काउंटीत राहतो, राज्याच्या वायव्य टोकाला. इथे १९७१मध्ये शिकार बंद झाली तेव्हा अस्वलं अगदी मोजकी उरली होती. ती वाढली म्हणून २००३मध्ये पुन्हा हंगाम सुरू झाला. आज राज्याच्या २१च्या २१ काउंट्यांत अस्वल दिसलेलं आहे. तेव्हाचे राज्यपाल मर्फी शिकार बंद करण्याचं वचन देऊन निवडून आले आणि २०२०नंतर त्यांनी ती बंद केलीही. २०२२च्या नोव्हेंबरात त्यांनीच पुन्हा उघडली. तेव्हा राज्याचा अंदाज ३,००० अस्वलांचा होता, आणि काहीच केलं नाही तर दोन वर्षांत ४,०००. म्हणजे बंदी करून बघून झाली आहे.

शिकार म्हणजे मोकाट गोळीबार नव्हे. रायफल चालत नाही. ऑक्टोबरात धनुष्यबाण, नंतर ठासणीची बंदूक, डिसेंबरात शॉटगन. ७५ पौंडांखालचं पिल्लू मारायचं नाही, आणि तसं पिल्लू सोबत असलेलं मोठं अस्वलही नाही. मारलेलं अस्वल तपासणी नाक्यावर न्यावंच लागतं. तिथे ते वजनाला टांगतात आणि वयासाठी एक बारीक दात उपटून घेतात. खूण लावलेल्या अस्वलांपैकी ३० टक्के मारली गेली की हंगाम बंद.

आमचे आजोबा राजापूरकडे शेतराखणीला ठासणीची बंदूक बाळगून होते, रानडुकरांसाठी. मी ठासायला शिकलो मात्र इथे, पन्नाशीत. आजवर एकच अस्वल मारलं. पहाटेपासून मचाणावर, मोजे ओले, आणि ते आलं तेव्हा ओकची फळं चावल्याचा कडकड आवाज आधी ऐकू आला. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. मांस घरात वर्षभर पुरलं, चरबी कढवून बुटांना लावली.

२०१४मध्ये वेस्ट मिलफर्डच्या रानात रटगर्स विद्यापीठाचा २२ वर्षांचा विद्यार्थी अस्वलाच्या हल्ल्यात गेला. आपल्याकडचाच मुलगा. राज्याच्या नोंदीतला असा पहिला मृत्यू. सह्या मागणाऱ्यांनी तेही आठवावं.

पानगळ:
काका, त्या मुलाचं नाव पुढे करून बंदूक उचलू नका. २०१० ते २०१३ दर डिसेंबरात शिकार चालूच होती ना? २०१०च्या एका हंगामात ५९२ अस्वलं मारली. तरी ते घडलं. मग शिकारीने काय वाचवलं? आणि रानात खोल मचाण बांधून तुम्ही जे मारता, ते गावातल्या कचऱ्याचा डबा उलटवणारं अस्वल कशावरून?

शिवाय 'पेडल्स' विसरलात वाटतं. पुढचे पाय अधू झाल्यामुळे माणसासारखं दोन पायांवर चालणारं, ओक रिजच्या अंगणांतून फिरणारं अस्वल. २०१६च्या बाणांच्या हंगामात तेच मारलं गेलं असं लोक मानतात. सरकारने 'तेच होतं' असं म्हटलं नाही, पण त्यानंतर ते कुणाला दिसलंही नाही. त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं?

वऱ्हाडी ठेचा:
मी बुलढाण्याचा. आमच्याकडे अस्वल पहिल्या अनुसूचीत, १९७२च्या कायद्याने मारायला बंदी. ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपास मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसाचा चेहरा अस्वलाने फाडला की गाव हळहळतं, वनखातं भरपाईचे कागद भरतं, अन् दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा मोहाखाली. तरी बंदूक द्या असं मी म्हणणार नाही. इथे रान उरलंय किती, त्यात परवाने वाटले तर अस्वल दहा वर्षांत संपेल. पण भाऊ, तुमच्याकडे ३,००० आहेत, वाढताहेत, तर आमचा कायदा तिकडे लावायला मी तरी सांगणार नाही.

पानगळ:
बुलढाण्याचं अस्वल वेगळं, ठेचा. ते वाघाशी भिडणारं, दचकलं की थेट अंगावर येतं. इथलं काळं अस्वल बहुतेक वेळा झाडावर चढतं. ताटल्या वाजवल्या तरी पळतं.

एडिसनचा अण्णा:
ताटल्या! करोनात उरलेल्या माझ्याकडे आहेत.

ससेक्सकर:
पानगळ, त्या मुलाबद्दलचं तुमचं बरोबर आहे. तो मुद्दा मी तिथे जोडायला नको होता, मागे घेतो. शिकार चालू असताना घडलं ते शिकारीने टळलं असतं, असं म्हणता येत नाही.

डब्याचंही बरोबर. आमच्याच गल्लीत लोक रविवारी रात्री पिझ्झाच्या खोक्यांसकट उघडे डबे बाहेर ठेवतात. अस्वलाला जाणूनबुजून खाऊ घातलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड आहे, पण उघडा डबा म्हणजे ताट वाढून ठेवणंच की. कुलूप लागणाऱ्या डब्याचे पैसे द्यायला मात्र कुणी तयार नाही.

पण डबे बंद केल्याने अस्वलं जन्मायची थांबत नाहीत. मादी इथे बहुधा तीन पिल्लं देते. रान तेवढंच. जास्तीची कुठे जाणार? महामार्गावर गाडीखाली. ते पाहिलंय मी रूट २३च्या कडेला: कमरेतून मोडलेलं, जिवंत, आणि पोलिसाची वाट बघत थांबलेले आम्ही चारजण. पेडल्सबद्दल मला वाईट वाटतं. त्या अस्वलाबद्दल कुणी सह्या गोळा केल्या नाहीत.

पानगळ:
म्हणजे गाडीखाली मरू नये म्हणून तुम्ही मारणार? बायकांनी जळून मरू नये म्हणून स्वयंपाकच बंद करा, असं म्हणाल उद्या. वेगमर्यादा कमी करा, भुयारी वाटा बांधा. आधी ते करून दमा, मग बंदूक.

ससेक्सकर:
वाटा बांधायला माझा होकार आहे. शेजारणीला म्हटलंय, कुलपाच्या डब्याची नि भुयारी वाटेची ओळ कागदावर घाला, तिथे सही करतो.

पानगळ:
आणि वरच्या ओळीवर?

ससेक्सकर:
तिथे नाही. डिसेंबरचा परवाना काढलाय.