बी विंगखालची नवी गाडी

ए-२०१ कुलकर्णी काकू: नमस्कार. कुणी गैरसमज करून घेऊ नये. आजही पहाटे पावणेसहाला बी विंगखाली मोटरसायकल चालू करून तशीच ठेवली होती. आमच्या ह्यांची रात्रपाळी असते, सगळ्यांना माहीत आहे. मागच्या मीटिंगला बोलून झालंय. सारखं सारखं सांगायला आपल्यालाही बरं वाटत नाही.

बी-१०३ ओंकारची आई: काकू, सॉरी हं. गाडी नवी आहे. गरम झाल्याशिवाय हलवू नको असं त्याला सांगितलंय. पोराला कशाला बोलायचं?

ए-२०१ कुलकर्णी काकू: पोराला कुठे बोलले? मी वेळ सांगितली.

बी-३०२ शिंदे काका: रनिंगमध्ये, म्हणजे नव्या गाडीच्या सुरुवातीच्या किलोमीटरांत, ४० च्या वर न्यायची नाही. बस्स. बाकी काही लागत नाही.

सी-१०४ सचिन: पेढे बी विंगपुरतेच होते का? सी विंग पण साताऱ्यातच येते 😄

बी-१०३ ओंकारची आई: दोनदा बेल वाजवली तुमची.

सी-१०४ सचिन: बेल दिवाळीपासून बंद आहे वहिनी. दार वाजवा.

बी-१०३ ओंकार: काकू, उद्यापासून गाडी ढकलत गेटबाहेर नेतो आणि तिथे सुरू करतो. पण कुणीतरी नीट सांगा. १८० किमी झालेत. पप्पा म्हणतात लवकर वरचा गिअर टाक, इंजिन आरामात राहतं. मित्र म्हणतो प्रत्येक गिअर ताणून मग बदल. काल यवतेश्वरच्या चढाला चौथ्यात ठकठक करायला लागली. ३० नेच चाललो होतो.

बी-३०२ शिंदे काका: ३० म्हणजे बरोबर. ४० च्या आत.

सी-२०२ कदम काका: शिंदेसाहेब, माफ करा, बरोबर नाही. चौथ्यात ३० ने घाट चढवला म्हणजे इंजिनाचा जीव काढला. फिरतंय हळू आणि ओढायचंय वजन. ती ठकठक म्हणजे गाडी तिसरा मागतेय. चढ लागायच्या आधीच खाली यायचं, ठोकायला लागल्यावर नाही. बोगद्यापाशीच तिसरा टाक. वर वळणावर गरज पडली तर दुसरा. त्याने काही बिघडत नाही.

बी-३०२ शिंदे काका: आमची जुनी राजदूत ४० ने चालवली. वीस वर्षं हात लावायला लागला नाही.

सी-१०४ सचिन: हात नाही, लाथा लागायच्या. अख्खी गल्ली उठायची 😂

बी-३०२ शिंदे काका: सचिन, वयाचा मान ठेवावा.

ए-३०३ प्रशांत: कदम काका, आदर आहे, पण तुमचा हात एसटीच्या डिझेल इंजिनांवर बसलेला. आताच्या बाइक वेगळ्या.

सी-२०२ कदम काका: पिस्टन, त्यावरच्या रिंगा आणि सिलेंडर तिथेही होते, प्रशांतराव. नव्या सिलेंडरला आतून बारीक तिरप्या रेघा असतात. रिंगा त्यावर घासून बसल्या पाहिजेत. त्यासाठी इंजिनावर थोडा जोर यावा, मग सुटावा, परत यावा. म्हणून एकाच स्पीडला हायवेने तासभर जायचं नाही, मग ते ४० का असेना. थोडं वाढवायचं, ॲक्सिलेटर सोडायचा, परत घ्यायचा. गावात पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर असं फिरलं की आपोआप होतं.

बी-१०३ ओंकार: म्हणजे गिअर कधी बदलू? आकडा सांगा ना.

सी-२०२ कदम काका: तुझी सव्वाशे सीसी. सपाटीला पहिला फक्त उठवायला. १५ च्या आसपास दुसरा, २५-३० ला तिसरा, ४० च्या पुढे चौथा. हा अंदाज आहे. गाडीच्या पुस्तकात प्रत्येक गिअरचा स्पीड दिला असेल तर तोच धर. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा साधारण चार-पाच हजारांत राहू दे. पूर्ण पिळायचं नाही आणि वरच्या गिअरमध्ये रडवायचंही नाही. मित्र आणि पप्पा, दोघांचंही ऐकू नकोस.

बी-१०३ ओंकारचे पप्पा: वाचलं बरं का.

सी-१०४ सचिन: 🤣🤣

बी-३०२ शिंदे काका: चौथा ४० च्या पुढे म्हणजे नियम मोडला. ४० च्या वर न्यायची नाही.

ए-३०३ प्रशांत: काकूंचा मुद्दा राहिलाच. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला दहा मिनिटं उभं राहून तापवायची गरज नसते. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश. उभ्या गाडीत रिंगा बसत नाहीत, पेट्रोल जातं.

सी-२०२ कदम काका: हे प्रशांतराव अगदी बरोबर बोलले.

ए-२०१ कुलकर्णी काकू: धन्यवाद. हेच मी गेले आठ दिवस म्हणतेय, फक्त मला रिंगा माहीत नव्हत्या.

सेक्रेटरी: सभासदांना विनंती, ग्रुप सूचनांसाठी आहे. मेन्टेनन्स न भरलेल्यांची यादी बोर्डावर लावली आहे.

ए-३०३ प्रशांत: सेक्रेटरीसाहेब, यादीत माझं नाव कसं? भरल्याचा स्क्रीनशॉट दोनदा टाकलाय.

सेक्रेटरी: पर्सनलवर बोलू.

ए-३०३ प्रशांत: नाव बोर्डावर, आणि बोलायचं पर्सनलवर?

बी-१०३ ओंकार: काका, सर्व्हिसिंग ५०० ला की ७५० ला? आणि पप्पांच्या कारचं ऑइल उरलंय घरात, ते चालेल का?

सी-२०२ कदम काका: कारचं ऑइल अजिबात नको! तुझ्या गाडीत इंजिन, गिअर, क्लच सगळं एकाच ऑइलात आहे. कारच्या ऑइलाने क्लच घसरायला लागेल. सर्व्हिसिंग पुस्तकात जे किलोमीटर आणि दिवस लिहिलेत त्यातलं आधी येईल ते. पहिलं ऑइल काढतील तेव्हा समोर उभा रहा, बोटावर घेऊन उन्हात धर. चंदेरी चमक दिसेल. रिंगा आणि गिअर बसताना झिजलेला धातू असतो तो, म्हणून पहिलं ऑइल चुकवायचं नाही.

सी-३०१ मानेवहिनी: माझ्या स्कूटीला कधी गिअर टाकायचा काका? 😄

सी-२०२ कदम काका: वहिनी, आधी साइड स्टँड काढत चला. काल गेटपर्यंत तसंच गेलात.

बी-३०२ शिंदे काका: स्कूटीलाही ४०.

बी-१०३ ओंकारची आई: कदम भावजी, रविवारी याच्याबरोबर यवतेश्वरपर्यंत जाता का? आमचं ऐकत नाही.

सी-२०२ कदम काका: जाईन की. सातनंतर, आणि दोन हेल्मेट असतील तर.