मदत हवी आहे: होडीच्या बाजूची फळी सपाट साच्यावर जुळत नाहीये

खाडीकाठ: मंडळी, अर्जंट मदत पाहिजे. १४ फुटी होडी कॉम्प्युटरवर काढून झाली, ६ मिमीचं मरीन प्लाय घरात येऊन पडलंय, आणि आता बाजूच्या फळीचा सपाट साचा काही केल्या बरोबर येत नाही. १:१० चं पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, मागून टेप लावत पुढे आलो, नाळेपाशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) वरची कड जुळते पण खाली ५ मिमीची फट, म्हणजे खऱ्या होडीत ५ सेंमी! दाबून बसवलं तर पुठ्ठ्याला मध्येच फुगा येतो. नारळी पौर्णिमेला आचऱ्याच्या खाडीत उतरवायचीय. काय चुकतंय?

प्लॉटरवाला: प्रिंटमध्येच घोळ असणार. पीडीएफ छापताना 'फिट टू पेज' चालू राहतं आणि सगळं बारीक होतं. कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन काढा, छापून आल्यावर पट्टीने मोजा.

खाडीकाठ: मोजलाय, बरोबर १०० आहे.

रीपपट्टी: सॉफ्टवेअर कुठलं? फळी सपाट केली कशी? हे सांगितल्याशिवाय कोण काय बोलणार?

खाडीकाठ: राइनो. बाजू चार-पाच आडव्या छेदांवरून लॉफ्ट केली, म्हणजे त्या रेषांवरून पृष्ठभाग बनवला. अनरोल (न ताणता सपाट उलगडणं) होईना म्हणून स्मॅश (ताणून-दाबून सपाट करणं) मारलं, त्याने लगेच सपाट करून दिली.

आज्याची होडी: माझ्या आज्यान सगळी होडी डोळ्यांनी बांधल्यान, कागद खय होतो? फणसाच्यो फळ्यो, काथ्याची दोरी, बस.

रीपपट्टी: दादा, आजोबांबद्दल आदर आहेच, पण ते फळी तासून आकार द्यायचे. प्लाय तासता येत नाही, ते एका वेळी एकाच दिशेने वाकतं. खाडीकाठ, तुमचा रोग स्मॅशमध्येच आहे. अनरोल झालं नाही याचा अर्थ तुमची बाजू दोन्ही दिशांनी फुगलेली आहे, नारळाच्या करवंटीसारखी. करवंटी चेचून सपाट केली तरी तिचा कागद होत नाही. कर्व्हेचर अ‍ॅनालिसिसमध्ये गॉसियन (दोन्ही दिशांनी कुठे किती वाकलंय ते रंगांनी दाखवणारं माप) लावून बघा, नाळेकडे ते शून्यापासून लांब गेलेलं दिसेल.

फायबरप्रेमी: एवढ्या खटाटोपापेक्षा फायबरची होडी घ्या, पावसात कुजायची भीती नाही.

प्लॉटरवाला: त्यांनी ते विचारलंय का?

खाडीकाठ: बघितलं, नाळेपासून दीड-दोन फूट नुसता लाल. मग आता होडी परत पहिल्यापासून काढू?

रीपपट्टी: अजिबात नको. छेद बाजूला ठेवा. बाजूची वरची कड आणि खालची कड, एवढ्या दोनच रेषा घ्या आणि त्यांच्यात लॉफ्ट करा, स्टाइल 'डेव्हलपेबल' (न ताणता सपाट होणारी) ठेवून. दोन्ही रेषा नाळेच्या पुढे फूटभर लांबवा, नाहीतर टोकाला पृष्ठभाग अपुरा पडतो, आणि नंतर नाळेच्या रेषेवर कापा. मधला पोटाचा आकार थोडा बदलेल, तो बदलू द्या. मग अनरोल मुकाट्याने होईल आणि वाकलेल्या आणि सपाट बाजूच्या क्षेत्रफळातला फरकही खाली लिहून येईल, तो जवळपास शून्य हवा. आणि पूर्ण मापाचा कागद छापूच नका, पावसाळ्यात कागद दमट होऊन ताणतो. दर २० सेंमीवर मापं काढा, प्लायवर खुणा करा, खिळे ठोका आणि लवचिक रीप (लाकडाची बारीक पट्टी) त्यांना टेकवून वाकवा आणि पेन्सिल फिरवा. रीप कुठे कुबड काढत असेल तर ते माप चुकलंय.

प्लॉटरवाला: कागदाचं म्हणाल तर मी कधी फसलो नाही, प्लास्टिकच्या फिल्मवर छापा ना.

रीपपट्टी: फिल्मवर छापलेल्या चुकीला रीप नाही सांगत की चूक आहे.

खाडीकाठ: रात्री जागून केलं. अनरोल झालं, नवा पुठ्ठा कापला, नाळ पूर्ण बंद! फुगा पण नाही. आता ८ फुटी शीट जोडून १४ फूट करायचं, सांधा किती ठेवू?

रीपपट्टी: जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिमीला दोन्ही शीटच्या कडांना ४८ मिमी लांब तिरका उतार, ते एकमेकांवर चिकटवायचे. आधी जोडा, इपॉक्सी पूर्ण सुकू दे, मगच साचा लावा. दोन्ही बाजू एकत्र कापा, जोडलेली दोन शीटं एकावर एक ठेवून.

आज्याची होडी: आणि उतरवच्या आधी नारळ फोडूक इसरू नको.